दारातली फुंक

रविवार, ता. ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तिसऱ्या वाक्यालाच आपली जुंपते, म्हणून नेहमीसारखं पत्रच लिहितोय. आधी खुर्चीत नीट बस.

काल संध्याकाळी सहाच्या सुमारास एका शाळेच्या खिडक्यांना काचा बसवून मी रिकामा टेम्पो घेऊन दुकानाकडे निघालो होतो. पुलाच्या तोंडाशी पोलिसांची नाकाबंदी होती. दारू पिऊन गाडी चालवणारे पकडायला दर शनिवारी तिथे असतातच. एरवी मला हात करून सोडतात. काल मात्र एका हवालदाराने खिडकीतून डोकं आत घातलं, नाक फेंदारलं, यंत्र पुढे केलं आणि म्हणाला, फुंक मारा. मी म्हटलं, नाही मारत.

तूच सांग, मी काय गुन्हा केला होता? टेम्पो सरळ चालला होता. काचवाल्याची गाडी, तिशीच्या वर काटा जात नाही. मग रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने आपला श्वास सरकारला का म्हणून दाखवायचा? आज श्वास मागतात, उद्या खिसे उलटे करायला लावतील. आयुष्यभर दारात उभं करून आईने वास घेतला तेवढा पुरे झाला.

तर त्यांनी लायसन्स ठेवून घेतलंय. फुंक मारली नाही म्हणजे प्यायलेलाच धरतात म्हणे. वीस तारखेला सुनावणी आहे. वर्षभरासाठी लायसन्स गेलं तर मालक दुसरा माणूस बघणार, तसं त्याने तोंडावर सांगितलंय. नुसत्या काचा कापणारा त्याला नकोय, गाडी चालवणाराही हवाय.

आईला यातलं अवाक्षर सांगू नकोस. तुझा राग थोडा आणि लोभ बराच असू दे.

तुझा,
बारक्या

---

गुरुवार, ता. १२ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि हात पोचत नाही म्हणून इथूनच एक कानपिळी.

खुर्चीत बसूनच वाचलं. माझी खुर्ची कुठे असते ते तुला माहीत आहे, प्लास्टरच्या खोलीत. परवा एका शिंपीणबाईच्या दोन्ही पायांना प्लास्टर घातलं. बिचारी दूध घेऊन कडेकडेने चालली होती. गाडीवाला तर्र होता. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. बाई मला विचारत होत्या, की शिलाई मशीनचं पायडल आता कुणी मारायचं. मोकळेपणाचं एवढं भाषण ठोकलंस, तर त्या बाईच्या मोकळेपणाचंही जरा बघ. दोन सेकंदांची फुंक, त्याने तुझं काय झिजलं असतं?

पण खरं सांगू? मला वेगळंच खुपतंय. दोन पानं लिहिलीस. काटा कुठे होता ते लिहिलंस, हवालदाराचं नाकसुद्धा लिहिलंस. 'मी प्यायलो नव्हतो' हे एक वाक्य मात्र कुठेच नाही. पत्र तीनदा वाचलं रे. बाबांचीच मुलं आहोत आपण, म्हणून विचारते, चिडू नकोस. प्यायला होतास का?

आईला काही सांगितलेलं नाही. पण माझा चेहरा बघून तिने दोनदा विचारलं.

माया आहे म्हणूनच विचारते, हे ध्यानात असू दे.

ताई

---

सोमवार, ता. १६ ऑक्टोबर

ती. ताईस,
नमस्कार. साष्टांग वगैरे आज जमणार नाही, रागावलोय.

ते वाक्य मी मुद्दामच लिहिलं नाही. आयुष्यात एकदा जीव तोडून सांगितलं होतं, तेव्हा कुणी ऐकलं नाही.

मी एकोणीस वर्षांचा होतो. काचेच्या दुकानात शिकायला लागून आठवडाही झाला नव्हता. काच चौकटीत बसवण्याआधी तिच्या कडा स्पिरिटने पुसाव्या लागतात, नाहीतर चिकटवण धरत नाही. दिवसभर तेच काम केलं होतं. हात, सदरा, केस, सगळ्याला तो वास. घरी आलो तर आई नेहमीसारखी दारात. तिने नाक जवळ आणलं आणि पांढरी पडली. म्हणाली, बापाच्या वळणावर गेलास. मी शपथा घेतल्या, रडलो. तू तेव्हा सासरी होतीस, आईकडे राहायला आली नव्हतीस. सकाळी पिशवी उचलून निघालो, त्याला अकरा वर्षं झाली. ताई, मी आजपर्यंत थेंबालाही शिवलेलो नाही.

शनिवारी अगदी तसंच झालं. टेम्पोत स्पिरिटच्या चिंध्यांचा ढीग, हात त्यातच भिजलेले. हवालदार म्हणाला, वास येतोय. माझी पाचावर धारण बसली. वाटलं, हे यंत्रही आईसारखंच बोलणार, आणि यंत्रापुढे तर रडूनही उपयोग नाही. म्हणून नाही म्हटलं. मोकळेपणाचं भाषण मला नंतर चौकीच्या बाकावर बसल्यावर सुचलं. तरी ते सगळंच खोटं नाही हं. काही केलं नसताना सगळ्यांसमोर बाजूला काढलं, की माणूस आतून मोडतो.

आता तरी विश्वास ठेव. एवढं एकच मागणं.

बारक्या

---

बुधवार, ता. १८ ऑक्टोबर

चि. बारक्यास,
आशीर्वाद, आणि तुझ्या ताईची माफीसुद्धा.

विश्वास आहे. विचारलं ते चुकलंच माझं. आणखी एक चूक केलीय, तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हवं तेवढं रागव, पण पुढचं आधी वाच.

आईने पत्राची घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, की तिला हे ठाऊक होतं. तू गेल्यावर चार दिवसांनी दुकानातला म्हातारा कारागीर तुझा विसरलेला डबा द्यायला आला होता. त्याच्याही अंगाला तोच वास. तिने विचारलं, त्याने सांगितलं. तेव्हापासून तिला माहीत आहे. कोणत्या तोंडाने बोलवू, या विचारात तिने अकरा वर्षं घालवली. मला कधी एका शब्दाने बोलली नाही.

आणि बाबांचं. शेवटच्या दिवशी ते स्कूटर काढत होते तेव्हा तिला वास आला होता. बाहेर चार माणसं उभी होती. त्यांच्यासमोर नवऱ्याच्या हातातून किल्ली कशी काढून घ्यायची, म्हणून ती गप्प बसली. बाबा परत आलेच नाहीत. त्यानंतर ती दारात उभी राहायला लागली. हे सांगताना ती इतकी रडली, की मीच घाबरले.

आता कामाचं. आमच्या लॅबमध्ये विचारलं. यंत्र हात हुंगत नाही, छातीतून येणारा श्वास मोजतं. गाडीत वाफ कोंडली असेल तर पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत थांबायचं आणि मग फुंकायचं. परवा सुनावणीला जा आणि मला लिहिलंस तेच सगळं तिथे सांग. भाषण नको. पत्र पटकन पोचावं म्हणून इथल्या औषधवाल्याबरोबर पाठवतेय, तो उद्या तिकडेच निघालाय.

सांभाळून रहा. घरातली दोन माणसं तुझ्या बाजूने आहेत.

ताई

---

सोमवार, ता. ६ नोव्हेंबर

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. मागच्या वेळचा राहिलेलाही यातच धरून घे.

लायसन्सचं फोनवर सांगितलं होतं, आता सविस्तर लिहितो. सुनावणीला इन्स्पेक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याच पिशवीतली स्पिरिटची चिंधी माझ्या हाताला चोळायला लावली, अंगणात पाव तास उभं केलं आणि यंत्र पुढे धरलं. मी फुंक मारली. शून्य आलं. ताई, इतकं हलकं मला आजवर कधी वाटलं नव्हतं. बाई म्हणाल्या, त्या दिवशी एवढंच केलं असतंत तर चहाला घरी पोचला असतात. हे शून्य आजचं, त्या शनिवारचं नाही, म्हणून नकार दिल्याबद्दल महिनाभर लायसन्स बंदच राहील. मला ते पटलं. पण मीही तक्रारवही मागून घेतली आणि लिहिलं, की माणसाला बाजूला घेताना नीट बोलावं, आणि पाव तास थांबून पुन्हा फुंकता येतं हे आधी सांगावं. बाईंनी वाचून खाली सही केली. मालक महिनाभर थांबायला तयार झालाय. तोवर काचा कापतोय आणि गाडी तो स्वतः चालवतो. चालवतो कसला, रांगतो.

आता परवाचं. मी आलो तेव्हा तू ड्यूटीवर होतीस, आणि आईने तुला काही सांगितलं नसणार. ती दारातच होती. दोन्ही हात पाठीमागे, आणि मान पार भिंतीकडे वळवलेली. का, ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, आपलं नाक माझ्याकडे जाऊ नये म्हणून ती तशी उभी होती.

मी पायरीवर पिशवी ठेवली, तिची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं, वाकलो आणि चांगली लांब फुंक मारली. कुणी मागितली नव्हती. तिने डोळे मिटून घेतले. मग माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "नुसता चहा. सकाळपासून जेवला नाहीस ना? आत ये."

तुझा लोभ असू दे. फुंक हवी तेव्हा माग.

तुझा,
बारक्या