कचेरीत मला विचारलं होतं

अम्मा,

आज आमच्या बालगृहात सात वर्षांची एक मुलगी आणली होती. तिला आत्याकडे द्यायचं की सांभाळणाऱ्या शेजारणीकडेच ठेवायचं, यावर दुपारभर बोलणं चाललं. दोघी बाया, दोघींचे नातेवाईक, साहेब, सगळे एकाच खोलीत, आणि मधे ती पोर. मी इथं स्वयंपाकाला आहे, माझं मत कुणी विचारत नाही. तरी हात पुसले, आत गेले आणि म्हणाले, "साहेब, आधी सगळ्यांना बाहेर काढा. मग लेकराला विचारा." त्यांनी ऐकलं. घरी आल्यापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय.

शिरड शहापूरच्या त्या गल्लीत आपली दारं समोरासमोर होती. अब्बा कापूस पिंजायचे, तू गाद्या शिवायचीस. पटकीच्या साथीत माझे आई-वडील आठ दिवसांच्या अंतरानं गेले तेव्हा मी तीन वर्षांची. घरात शिरायला कुणी धजत नव्हतं, तू शिरलीस आणि मला कडेवर घेऊन आलीस, एवढं मला पुढं लोकांनीच सांगितलं. मला आठवतो तो तुझा स्वयंपाक. चुलीशी तू बसली आहेस, भुवयांवर कापसाचे कण आहेत, आणि माझी भाकरी वेगळ्या तव्यावर टाकते आहेस. तुमच्या घरी मटण शिजलं त्या दिवशी मी तुझ्या ताटात हात घातला, तर तू चापट मारलीस. मी रडले, तशी तूही रडलीस. "काहून रडून राहिली? उद्या तुझं कुणी आलं, तर मी काय जबाब देऊ? पोरीला बाटवली म्हणतील." सोमवारी शेजारच्या म्हातारीबरोबर मला महादेवाला तूच धाडायचीस, वेणी घालून.

आणि खरंच कुणी आलं. मी नऊ वर्षांची असताना नरसीकडून काका आले. सहा वर्षांत ते एकदाही आले नव्हते. "आमच्या रक्ताची पोरगी पिंजाऱ्याच्या घरात वाढून राहिली, लोक आमाला काय म्हणतील?" तू एवढंच म्हणालीस, "आजवर काय म्हणत होते?" गोष्ट कचेरीपर्यंत गेली. आपण बैलगाडीनं गेलो. तिथं काका बोलले, पाटील बोलले, काकांसोबत आलेले चार जण बोलले. साहेब कागदावर काही लिहायला लागले, तेव्हा मागं उभी असलेली तू पुढं झालीस.

"साहेब, पोरीला बी विचारा."

"नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं?"

"तिला भूक कळते, तकलीफ कळते. मंग हे बी कळंल. एक बार विचारा."

साहेब भला माणूस. लेखणी खाली ठेवून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "कुणाकडं राहायचं तुला?" खोली माणसांनी भरलेली. काकांचे लोक माझ्याकडे बघत होते. गल्लीतल्या मुली मला 'पिंजाऱ्याची' म्हणून चिडवायच्या, ते तेव्हा कानात वाजायला लागलं. तुझं नाव घ्यायची मला लाज वाटली, अम्मा. मी खाली बघून म्हणाले, "काकाकडं."

तू म्हणालीस, "बराबर हाय. रक्ताचं माणूस हाय." बाहेर येऊन काकांना सांगत राहिलीस. हिला कारलं चालत न्हाई. हिचा डावा कान दुखतो, गार वाऱ्यात नेऊ नका. रागावलं की जेवत न्हाई, तेवढं समजून घ्या. काका व्हय व्हय म्हणत होते आणि गाडी जुंपत होते. मी गाडीत चढले. तू हाक मारशील म्हणून मी वाट बघितली, पण तू मारली नाहीस.

काकाच्या घरी मला कुणी छळलं नाही. जेवायला मिळालं, कपडे मिळाले, वेळेवर लग्न झालं. मला काय हवंय हे मात्र तिथं पुन्हा कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगायचं सोडून दिलं. कान दुखायचा तेव्हा त्यावर तळहात दाबून बसायचे. अठ्ठेचाळीस साली तू गेलीस. मला ते सहा महिन्यांनी, भाजीच्या बाजारात, गावाकडच्या एका बाईकडून कळलं. तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू माझी चौकशी केली होतीस, असं ती म्हणाली. तशीच भाजी घेऊन मी घरी गेले आणि स्वयंपाक केला.

आजच्या त्या पोरीनं एकटीनं, दार लावल्यावर, शेजारणीचं नाव सांगितलं. साहेबांनी ते लिहून घेतलं. मी चुलीपाशी परत आले आणि तिच्यासाठी भाकरी टाकली.

हे पत्र कुठं टाकणार? एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही, ती तुला सांगते. मागच्या वर्षी मी शिरडला आले होते, कबरस्तानात. तुझी जागा कुठली ते कळेना, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं. त्यानं हातानं दाखवलं आणि सहज विचारलं, "तुमच्या कोण लागत होत्या?"

आजूबाजूला कुणीही नव्हतं. तरी मी म्हणाले, "शेजारीण होती."