सहीखालची रेघ

प्रिय बारक्या,

'माननीय आमदारसाहेब' असं लिहायला घेतलं होतं, पण हात वळेना. तुझ्या कार्यालयातल्या मुलीचे गेल्या आठवड्यात तीन फोन आले. तुझ्या आमदारकीला पंचवीस वर्षं होतायत, शनिवारी सत्कार आहे, स्मरणिकेसाठी ताईंच्या आठवणी हव्यात, दोन पानं पुरेत, आणि शक्यतो लहानपणच्या गमतीजमती असाव्यात. पोरगी गोड बोलते. तुझ्याभोवती गोड बोलणाऱ्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. म्हटलं, एवढ्या मागतायत तर देऊ आठवणी. छापायच्या की चुलीत घालायच्या ते तू बघ.

आधी इकडची खबर. बंदरावर बर्फाच्या कारखान्यासमोर तुझा फलक लागलाय. नुसता चेहराच आठ फूट आहे. हात जोडलेले, चष्मा नवा, केस माझ्यापेक्षा काळे. तो नेमका अशा जागी ठोकलाय की मासळी निवडायच्या ओट्यावरून खाडीचं तोंड दिसेनासं झालंय. वारा फिरला की बायका त्या ओट्यावर उभ्या राहून आपापली बोट आत येताना बघतात, हे तुझ्या कार्यकर्त्यांना कोण सांगणार? त्या गेल्या होत्या, फलक चार हात सरकवा म्हणायला. 'साहेबांना विचारून सांगतो' असं उत्तर मिळालं. आता त्या तुझ्या कानामागून वाकून समुद्र बघतात. मीही परवा तशीच वाकून बघत होते, आणि खरं सांगते, त्या फलकावर थुंकावंसं वाटलं. वयाचा मान राखून घरी आले.

तुला ती पहिली निवडणूक आठवते? दोनशे बारा मतांनी आलास. पक्ष नाही, गाडी नाही, शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्या आणि माझा टाइपरायटर. तेव्हा भाषण एकच होतं तुझं: खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीला तिथे लाट फुटते आणि घरासमोर येऊन माणसं बुडतात, तर तिथे दगडी भिंत बांधून लाट अडवायची. इंजिनिअरने नकाशा काढून ठेवलाच होता. 'भिंत झाली नाही तर पुन्हा तोंड दाखवणार नाही,' असं तू म्हणालास. तोंड तर आता आठ फुटांचं झालं.

निवडून आल्यावर आपल्या पुढच्या खोलीचं कार्यालय झालं. सकाळी सातपासून ओटीवर रांग. कुणाला बदली हवी, कुणाला इस्पितळात खाट, कुणाच्या भाच्याला नोकरी. तुला जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही. वाईटपणा घ्यायची वेळ आली की तू लहानपणापासून माझ्या पाठीमागे उभा राहायचास. जो येईल त्याला शिफारसपत्र. मी टाइप करायची, तू सही ठोकायचास, माणूस पत्र कपाळाला लावून निघायचा. दोन महिन्यांत राजधानीतून निरोप आला, की तुमच्या आमदारांची एका जागेसाठी नऊ पत्रं आलीत, नक्की कुणाचं काम करायचं?

तेव्हा उपाय मीच काढला. हे स्मरणिकेत नक्की छाप. मी म्हटलं, ज्याचं काम खरंच व्हायला हवं त्याच्या पत्रावर सहीखाली एक रेघ ओढ. बाकीच्यांना बिनरेघेची सही. ज्या त्या कार्यालयात जाऊन तू हे कानात सांगून ठेवलंस. पत्र नेणाऱ्याला काही कळायचं कारण नव्हतं. पहिलं बिनरेघेचं पत्र फेरीबोटीच्या तिकीटवाल्याला दिलं, त्याने ते काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलं. आपण दोघं किती हसलो होतो! मला तेव्हा वाटलं, मी मोठी हुशारी केली. रेघ गरजूंसाठी आहे, आणि बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसली तर कुणाचं काय बिघडतं, असं मी मनाला समजावलं. कुणाला रेघ द्यायची हे पहिली दोन वर्षं आपण दोघं मिळून ठरवत होतो. मग तू एकटाच ठरवायला लागलास, आणि मीही विचारायचं सोडलं.

भिंतीची पत्रं मात्र वेगळी होती. दर दोन-तीन वर्षांनी बंदर खातं कामांची यादी करताना स्थानिक आमदाराची शिफारस मागवतं, तेव्हा मी अगदी मन लावून मजकूर जुळवायची. किती बोटी, किती माणसं, कोणत्या साली. 'हे मी स्वतः नेऊन देतो, ताई, पोस्टाचा भरवसा नाही,' म्हणून तू ते सही न करताच बॅगेत घालायचास. घरच्या फाइलला माझी कार्बन प्रत राहायची. विधानसभेत तर तू भिंतीसाठी केवढा भांडलास! कागद भिरकावलेस, अध्यक्षांनी एका दिवसासाठी बाहेर काढलं, आणि परत आलास तेव्हा बंदरापासून घरापर्यंत लोकांनी तुला खांद्यावर आणलं. तुझ्या भावोजींनी, माझ्या नवऱ्याने, त्या दिवशी बोट बाहेर काढली नाही. 'आपला बारक्या वाघ निघाला,' असं दहा जणांना सांगत होते.

ते गेले त्याला दहा वर्षं झाली. सातव्या आणि आठव्या पत्राच्या मधे. ओहोटी लागली होती, दांड्यावर लाट आडवी आली, आणि ओट्यावरच्या बायकांनी बोट उलटताना पाहिली. मीही त्यांत होते. तू आलास, माझ्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडलास. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. तीन आठवड्यांनी म्हणालास, 'ताई, भावोजींच्या नावाने भिंत उभी करतो, पत्र टाइप कर.' डोळ्यांना धड दिसत नव्हतं, चार कागद वाया गेले, पण आठवं पत्र मी टाइप केलं. आमच्या बोटीचा क्रमांकही मीच घातला त्यात.

आता मागच्या महिन्याचं ऐक. ओट्यावरच्या बायकांचा अर्ज घेऊन मी राजधानीला गेले होते. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर गाडी आली असती, फुलं आली असती आणि अर्ज तुझ्याच खिशात गेला असता. बंदर खात्यात तिसऱ्या मजल्यावर एक कारकून आहेत, जुने, या महिन्याअखेर निवृत्त होतायत. मी कोण ते कळल्यावर उठून उभेच राहिले. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि न मागता आपल्या भिंतीची फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. अकरा पत्रं, ओळीने लावलेली. मजकूर मी वाचला नाही, तो पाठच होता. मी नुसत्या सह्या बघत गेले. पहिलीखाली रेघ होती. दुसरीखाली नव्हती. तिसरीखाली नव्हती. पुढे कुठेच नव्हती. आठव्या पत्रावर मी बोट फिरवून पाहिलं, शाई पुसली गेली असेल म्हणून. कारकुनांना वाटलं मी त्यांनाच दोष देतेय. बिचारे कळवळून म्हणाले, 'ताई, आमच्याकडून दिरंगाई नाही हो झाली. साहेबांचीच इच्छा नव्हती ना.'

परतीच्या बसमध्ये मला तुझा एक विनोद आठवला. दुसऱ्या निवडणुकीआधी जेवताना तू म्हणाला होतास, 'भिंत झाली तर पुढच्या खेपेला मी मागू काय?' मी हसले होते. तुझ्या पानात वाढता वाढता हसले होते, बारक्या. तू नाटकी आहेस, पक्ष बदललेस, समित्या मिळवल्यास, ते सगळं मी राजकारण म्हणून पोटात घातलं. पण घरातलं माणूस दांड्यावर गेल्यावरही तू हे भिजत घोंगडं भिजतच ठेवलंस, आणि त्याच हाताने माझे डोळे पुसलेस. मला तुझी किळस येते. आणि खूण माझीच, म्हणून स्वतःचीही येते. रोज सकाळी केस विंचरताना आरशात बघवत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तुझ्या पहिल्या दोन वर्षांत, तू अधिवेशनात अडकलेला असलास की निम्म्या सह्या मी करत होते, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. हात अजून चालतो. सोमवारी मी तुझ्या जुन्या छापील कागदावर बारावं पत्र टाइप केलं, तुझी सही केली, खाली चांगली ठसठशीत रेघ ओढली आणि पुन्हा राजधानीला जाऊन त्याच कारकुनांच्या हातात दिलं. त्यांनी रेघ बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली, आणि त्याच दुपारी फाइल वर पाठवली. काल त्यांचा फोन आला होता. यंदाच्या यादीत आपली भिंत पहिली आहे, आणि बातमी बंदरावर पोचलीसुद्धा. शनिवारी लोक तुला त्याचसाठी हार घालणार आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. सही खोटी आहे असं म्हणायचं असेल तर अवश्य म्हण, शिक्षा होईल ती मी भोगीन. पण खात्याच्या कानात म्हणायचं नाही. ओट्यावरच्या सगळ्या बायका समोर बसलेल्या असतील. ध्वनिक्षेपकासमोर उभा राहा आणि त्यांना सांग, की ही भिंत मी मागितलेली नाही.

तुझीच,
ताई