सासूबाईंबरोबर पैलतीरावर

शुक्रवार, ८ ऑक्टोबर. बोटीवर

मी इथे काय करतेय! दुपारी चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होते. आणि आता नदीच्या मध्यावर. समोरच्या खुर्चीत सासू, तोंड उघडं टाकून झोपलेली.

झालं असं, की म्हातारी थेट दुकानातच आली. अकरा वर्षांत कधी पायरी चढली नव्हती. "फाबियाना, चल. संध्याकाळची बोट. तू नि मी, ब्वेनोस आयरेस. सोमवारी सुट्टीच आहे, त्या रात्री परत." मैत्रिणीचा पाय मोडला म्हणे, तिकिटं फुकट जातील. मी म्हटलं, लेकाला न्या की, मिल्टनला. तर म्हणे, "त्याला पैलतीर आवडत नाही." न आवडायला काय झालं! दर रविवारी त्यांचेच फुटबॉलचे सामने बघत लोळत असतो.

घरी गेले तर नवरोबांनी बॅग काढून ठेवलेली! ज्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत! टॅक्सीपर्यंत उचलूनही आणली. "जा गं, मजा कर. आईचं वय झालंय." आणि गालावर मुका, टपालावर शिक्का मारावा तसा. वर्षभर आमचं बोलणं म्हणजे 'दूध संपलंय' आणि 'दिवा मालव'. मी घरात नसले की त्याला बरं वाटतं, हे मला कळतं. मी चष्मे विकते, आंधळी नाही.

बोटीत थर्मास उघडला, माते केला, आमचा तो कडू पाल्याचा चहा. पहिला भोपळा, म्हणजे कोरलेल्या भोपळ्याचा पेला, भरून हिला दिला. तिने नळीतून ओढला, परत केला आणि म्हणाली, "ग्रासियास." झालं! मातेच्या वेळी आभार मानले की त्याचा अर्थ एकच — पुरे, मला नको. शेंबडं पोरही जाणतं हे. पाहुणेसुद्धा चार-पाच भोपळे प्याल्याशिवाय तो शब्द काढत नाहीत. ही बाई अकरा वर्षं माझ्या हातच्या पहिल्याच भोपळ्याला आभार मानतेय. मोलकरणीच्या हातचा मात्र थर्मास रिकामा होईतो पिते.

शनिवार, ९ ऑक्टोबर. सकाळ

म्हातारी घोरते. खोलीला एकच खिडकी, तीही भिंतीकडे उघडणारी.

शनिवार. संध्याकाळ

पाय तुटले. हिला म्हणे सगळं शहर बघायचंय. दुकानांतून नुसती खेचत होती मला. या शहराचं नाव मोठं नि लक्षण खोटं. माणसं अशी चालतात, जसा रस्ता त्यांच्या बापाचा.

दुपारी पिझ्झाच्या दुकानात वेटर म्हणाला, "बायांनो, तुम्ही पलीकडच्या ना?"

"कशावरून?"

"बगलेतला थर्मास! झोपतानाही काढत नाही म्हणे तुम्ही लोक."

मी थर्मास टेबलाखाली सरकवला. पण म्हातारी! "आणि तुम्ही मातेत साखर घालता. त्यापेक्षा सरबत प्या की बाळांनो!" आख्खं दुकान हसलं. मीही हसले. तिच्याबरोबर हसायची ही पहिलीच वेळ.

पण जित्याची खोड! लगेच, "खा पोटभर. तुमच्या माहेरी ताकुआरेंबोत गायी मिळतात, असला पिझ्झा थोडाच मिळतो." लग्नाच्या दिवशीही चारचौघांत म्हणाली होती — मुलगी चांगली आहे, फक्त गोठ्याचा वास येतो. मिल्टन तेव्हा बुटांकडे बघत उभा. तो नेहमीच बुटांकडे बघतो. तोंडावर काही सांगायचं म्हटलं की तो आईला पुढे करतो. लग्नाची मागणीसुद्धा आईकरवी घातली. त्याची नोकरी गेली तेव्हा बातमी हिनेच आणली, नवरोबा बाहेर गाडी पुसत होते.

म्हणून आज धसकाच घेतला मी. जेवता जेवता हिने मध्येच काटा खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. वाटलं, आली काहीतरी बातमी. पण म्हणाली, "चीज खा, गार होतंय."

नंतर एका दुकानात शिरली आणि चामड्याची मोठी बॅग घेतली. माझ्यासाठी! "तुझी फार जुनी झालीय." नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. मरायला टेकलीय की काय?

मिल्टनला फोन केला. घरचाही वाजतोय, त्याच्या खिशातलाही वाजतोय, उचलत कुणी नाही. "झोपला असेल," म्हातारी म्हणाली. संध्याकाळी सहाला?

खरं सांगायचं तर मला फार काही नको आहे. हिने एकदा मला आपली म्हणावं. मिल्टन आईच्या डोळ्यांनीच बघतो सगळं. तिला मी आवडले तर त्यालाही परत आवडेन. हे लिहिताना लाज वाटते, पण आहे ते असं आहे. एक्केचाळीस वर्षांची बाई सासूच्या कौतुकासाठी झुरते!

रविवार, १० ऑक्टोबर. दुपार

आधी लिहून टाकते.

सकाळी बागेत गेलो, एका अवाढव्य रबराच्या झाडाखाली. मी माते केला. दिला. प्याली. परत दिला. मी वाट बघतेय 'ग्रासियास'ची. नाही! मी माझा प्याले, पुन्हा भरून दिला. प्याली. पुन्हा. पुन्हा! येर्बाच्या पाल्याची चव गेली, पाणी कोमट झालं, तरी हात पुढेच. शेवटी थर्मास उलटा करून दाखवावा लागला.

मग म्हणाली, "मी तुला नीट वागवलं नाही, पोरी."

मी म्हटलं, "जाऊ द्या हो, दोन्या एल्बिया."

"दोन्या-बिन्या असलं मानाचं नको. एल्बिया म्हण."

तिचे डोळे भरून आले होते. वारा सुटलाय म्हणाली. वाराबिरा काही नव्हता. माझा हात धरून बसली. नखं रुतत होती, पण मी हात काढला नाही. "तुझ्या जागी मी असते ना, तर केव्हाच मिल्टनला सोडून गेले असते," म्हणाली. सासू आहे की कोण! मी हसले. म्हटलं, "मी कुठेही जात नाही. तुमचं नशीब!" तिने मान खाली घातली.

काय झालं माहीत नाही, पण आतली एक गाठ सुटली. इतकी वर्षं हिला शिव्या घातल्या या वहीत. आता वाटतं, खडूस असते एखादी, सवय नसते प्रेम करायची.

जेवून ती झोपलीय. मी बंदरावर जाऊन आले. तिकिटं बदलली! उद्या रात्रीची नाही, आजचीच चारची बोट. उद्या सुट्टी आहे. तिघं मिळून अंगणात मांस भाजू. मिल्टनला बघू दे, त्याची आई माझ्या हातून किती माते पिते ते.

रविवार. बोटीवर

तिकिटं बघून एल्बिया पांढरीफटक पडली. "मला न विचारता?" मग म्हणे डोकं दुखतंय. मग म्हणे, उद्याच काय, मंगळवारपर्यंत राहू, दुकानात कळव आजारी आहेस म्हणून. बंदरावर चक्क रुसून बाकावर बसली. बोटीचा भोंगा झाला तेव्हा दंडाला धरून उठवावं लागलं.

मला उलट बरं वाटलं. माझ्यासोबतची सहल संपू नये असं कुणाला वाटतंय तर!

आता सारखी फोनशी खेळतेय. "मिल्टनला कळवते." मी फोन काढून घेतला. म्हटलं, "अजिबात नाही! दचकू दे त्याला." ती खिडकीबाहेर बघत बसलीय. किनारा दिसायला लागला.

सोमवार, ११ ऑक्टोबर

काल घरी पोचल्यावर लिहिता आलं नाही.

टॅक्सी वळली तेव्हा आमच्या दाराशी सामानाचा टेम्पो उभा होता. त्यात वॉशिंग मशीन, टीव्ही, मिल्टनचं कपाट. ड्रायव्हरशेजारी एक बाई, मांडीवर माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ धरून. मिल्टन खांद्यावर गादी घेऊन पायऱ्या उतरत होता. मला बघून तिथेच थांबला आणि बुटांकडे बघायला लागला.

एल्बिया माझ्याआधी टॅक्सीतून उतरली. ओरडली त्याच्यावर — "गाढवा! शनिवारीच उरकून टाक म्हटलं होतं ना तुला!"

मी तिच्या मागे उभी होते. दोघींच्या बॅगा मीच उचलल्या होत्या.