विहिरीजवळचं झाड

सोमवार
नाही हो, भीती कसली? तुम्ही वर गेलात, मी पेरूच्या बागेत आले, एवढंच. खोली झकास आहे. मालक एकटेच राहतात, बोलायला गोड. काम सोपं. डब्यातली ओली पूड बादलीत हातानं कालवायची आणि ऊन उतरल्यावर झाडांच्या बुंध्याशी ओतायची. पुडीत बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. फळमाशीची अळी पेरूतून पडून मातीत शिरली, की हे तिच्या आत शिरतात. माणसाला काही करत नाहीत. मालक त्यांना ‘मित्र’ म्हणतात. मी म्हटलं, आमच्या ह्यांना जंत झाले तेव्हा ठाऊक असतं, तर मित्र आलेत म्हणून चहा टाकला असता. मालक हसले नाहीत.

गुरुवार
मालकांनी मेलेली अळी उकरून दाखवली. विटेसारखी लाल. आधी सुस्तावते, मग लाल होते म्हणाले. कातडी शाबूत, आत नुसतं पाणी. पण विहिरीजवळच्या झाडाला ती बादली लावायची नाही, असं बजावलंय. त्याचेच पेरू सगळ्यात किडके, अन् मालक तेवढेच खातात, वळवळत्या अळ्यांसकट. मी नाही हं हात लावला. उगाच डोळे वटारू नका.

शनिवार
हा माणूस काहीतरी लपवतोय. संध्याकाळी त्याच झाडाखाली बसतो, पाय मातीत पुरून. बायकोचं विचारलं, तर म्हणे उडून गेली. मी म्हटलं, पळून म्हणा. त्यांची पाठ वळली तशी मी एक बादली तिथं ओतलीच. बघू तरी, काय होतं ते.

मंगळवार
मालक आज उठलेच नाहीत. पडल्या पडल्या विचारत होते, माझ्या झाडाला कुणी काय घातलं. मी कानांवर हात ठेवले.

बुधवार
गाल लाल झालेत. ताप असेल. डॉक्टर नको म्हणतात. कूस बदलताना सदरा वर सरकला. पाठीला काहीतरी चिकटलेलं, पातळ, जाळीदार— पंख म्हणवत नाही मला.
उडून गेली म्हणाले होते. पळून नाही.

शुक्रवार
हलवून उठवायला गेले. खांद्यात बोट रुतलं— आत पाणी. कातडी तशीच—
माणसाला काही करत नाहीत म्हणाले होते. माणसाला.

शनिवार
अंग जड. उठवत नाही. हात बघितले, कोपरापर्यंत विटेच्या—
अहो, रागावू नका. खोटं बोलले तुमच्याशी. त्या झाडाचे पेरू मीही खाल्लेत. आल्या दिवसापासून. गोड लागले, म्हणून रोज—