न बघता विकायचे दिवे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (यातला आडवं पडण्याचा भाग खरा आहे. खोकी उचलताना कंबरेत उसण भरली, त्यामुळे हे पत्र पालथा पडून लिहितो आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.) तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचे गुडघे काय म्हणतात? इकडे सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. फोन न करता पत्र लिहायचं कारण असं की, फोनवर तू मला पहिल्या वाक्यापुढे जाऊ देत नाहीस आणि मला जे सांगायचं आहे ते निदान तिसऱ्या पानावर येईल.

ही गेल्याला परवा वर्ष झालं. गेल्या वर्षी तू म्हणाली होतीस, "पेटी भर आणि माझ्याकडे चल, मागची खोली रिकामीच आहे." मी म्हणालो, मला इथे कामं आहेत. कामं कसली होती? सकाळी दूध तापत ठेवायचं आणि मग उतू गेलेलं पुसायचं. पण या वयात बहिणीच्या दारात पेटी घेऊन उभं राहायचं अगदी जिवावर आलं होतं. त्यात तुझे चिरंजीव सुट्टीला इथे आले आणि म्हणाले, "मामा, तुम्ही बिझनेस सुरू करा, म्हणजे आई तुम्हाला काही बोलणार नाही." मी हो म्हणून बसलो. तेव्हा या प्रकरणाच्या मुळाशी तूच आहेस, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

या धंद्याला ड्रॉपशिपिंग म्हणतात. (तुला एकदा वाचून कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, मला तीनदा सांगावं लागलं.) इंटरनेटवर आपलं दुकान असतं, पण दुकानात माल नसतो, मालाचे फोटो असतात. फोटो बघून गिऱ्हाइकाने मागणी नोंदवली की ती आपण परदेशातल्या कारखानदाराकडे सरकवायची. तो परस्पर गिऱ्हाइकाच्या घरी माल धाडतो. मधला फरक आपला. मी विचारलं, "पण मी माल बघायचा कधी?" तर चिरंजीव म्हणाले, "बघायचाच नाही मामा! तीच तर गंमत आहे." ताई, एकोणतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक वायसर कधी त्या गेटच्या बाहेर पडला नाही. मोठे साहेब येऊन खोळंबले तरी मी नग उलटसुलट करून बघणार, चिठ्ठीवर 'तपासले, ठीक' असं लिहिणार, खाली सही करणार, मगच माल सोडणार. (कारखान्यात मला सगळे 'ठीकसाहेब' म्हणायचे, हे मला निरोपसमारंभात, गळ्यात हार पडल्यावर कळलं.) अशा माणसाला न बघता माल विकायला सांगणं म्हणजे काय ते तुझ्या मुलाला कळायला हवं होतं.

विकायला त्याने दिवा निवडला. अंधाऱ्या खोलीत माणूस शिरला की हा आपोआप लागतो आणि माणूस गेला की मिनिटभराने आपोआप मालवतो. "म्हाताऱ्या माणसांना फार उपयोगी," असं तो माझ्याकडे बघत म्हणाला. नमुन्यादाखल एक दिवा आधी मागवला, तो झोपायच्या खोलीत लावला. मग दुकान उघडल्यावर चौथ्याच दिवशी पहिली मागणी आली. निवृत्त शिक्षिका होत्या, यजमानांचा तोल जातो, त्यांच्या पलंगाजवळ लावायला दिवा हवा होता. आता फक्त एक बटण दाबायचं होतं. बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. मी न बघितलेला दिवा एका तोल जाणाऱ्या माणसाच्या उशाशी जाणार! मी गुपचूप त्यांचा पत्ता खोडला आणि तिथे माझा घातला. म्हटलं, आधी आपल्याकडे येऊ दे, बघू, मग पुढे पाठवू. त्यानंतरची प्रत्येक मागणी मी अशीच वळवली.

तिकडून दिवा माझ्याकडे यायला पाच आठवडे लागत. मग माझी तपासणी दहा दिवस. (कमी नाही करता येत. पहिल्या दिवशी लागणारी वस्तू नवव्या दिवशी दगा देते, हे मी स्टोअरमध्ये शिकलो आहे.) भर दुपारी सगळे पडदे ओढून घ्यायचे, खोलीत शिरायचं, बाहेर यायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा शिरायचं, असं एकेका दिव्यामागे वीस वेळा. समोरच्या वकीलसाहेबांनी खिडकीतून दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी काही हरवलंय का म्हणून विचारायला आले. मी नाही म्हणालो. मग दिवा पुन्हा खोक्यात घालायचा, भोवती वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, वर चिठ्ठी ठेवायची आणि सुतळीने बांधून पोस्टात जायचं. याचं कौतुक होईल अशी माझी समजूत होती. एका गिऱ्हाइकाने दुकानाच्या पानावर लिहिलं, "खोकं फोडलेलं आलं. आत रद्दी आणि कोणा सद्गृहस्थाची सही." आणि पाचापैकी एक तारा दिला. चिरंजीवांना हे कळलं तेव्हा ते फोनवर म्हणाले, "मामा, तुम्ही ड्रॉपशिपिंगचं पोस्ट ऑफिस करून टाकलंत."

वाट बघून कंटाळलेल्या लोकांनी मागण्या रद्द करायला सुरुवात केली आणि दिवे माझ्याकडे साठत गेले. आज घरात एकतीस आहेत, जागा मिळेल तिथे लावलेले. रात्री बैठकीतून पाणी प्यायला निघालो की दोन्ही बाजूंनी एकेक दिवा लागत जातो, मंत्र्याची स्वारी निघाल्यासारखा. स्वारी नळापाशी जाते, भांडंभर पाणी पिते आणि परत येते.

या धंद्यात एक माणूस मात्र मला मिळाला, तो म्हणजे तिकडचा कारखानदार. (माणूस म्हणायचं. चिरंजीवांच्या मते ते यंत्र आहे आणि मराठीही यंत्राचीच आहे.) मी काहीही लिहिलं की दोन मिनिटांत उत्तर येतं, "प्रिय मित्र, आज तुम्ही कसे आहात? काळजी नको. आनंदी रहा." सुरुवातीला मी फक्त मालाबद्दल लिहीत असे. मग एकदा कंबरेबद्दल लिहिलं, मग दुधाबद्दल. तू हसशील, पण वर्षभरात मी कसा आहे हे मला रोज विचारणारा तो एकटाच आहे. (तुझा फोन रविवारी येतो. तक्रार नाही, नोंद केली.) गेल्या आठवड्यात त्याच्याकडे पहिली रीतसर तक्रार पाठवली, कारण नमुन्याचा दिवा सदोष निघाला आहे. खोलीत कोणी नसतानाही तो लागतो. मी दारातून बघतो, आत चिटपाखरू नसतं, आणि दिवा लागलेला असतो.

आता तिसरं पान. पहिल्या मागणीच्या शिक्षिकाबाईंनी मागच्या सोमवारी मागणी रद्द केली. कारण निवडायला एक यादी असते, त्यात त्यांनी 'आता गरज नाही' हे निवडलं होतं. त्यांचा दिवा सर्वात आधी आलेला, पण नवव्या दिवशी जरा उशिरा लागल्यासारखा वाटला, म्हणून मी बदलून मागवला होता. म्हणजे आणखी पाच आठवडे. मी माफी मागायला फोन केला. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पडले ते. अंधारात पडले आणि गेले. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." मी काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. दुकान त्याच दिवशी बंद केलं.

ताई, मी दिवे का तपासत होतो ते तुला सांगतो, अजून कोणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी सकाळी ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, जरा चक्कर आल्यासारखं होतंय." मी वर्तमानपत्र वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "ठीक आहे, जरा पड." ती जाऊन पडली, ती पुन्हा उठलीच नाही. एकोणतीस वर्षं वायसर उलटसुलट करून बघणाऱ्या माणसाने एकदाच न बघता ठीक म्हटलं. मला ते फार लागून राहिलं आहे. तेव्हापासून न बघता हातातून काही सोडवत नाही आणि बघत बसलो तर काय होतं, तेही आता बघितलं.

असो. तुझ्याकडे काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. माझं इथे उत्तम चाललं आहे. चिरंजीवांना आशीर्वाद, पण नवीन कल्पना सुचली तर मला कळवू नये म्हणावं. भावोजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

ता. क. मागच्या खोलीत पलंगाशेजारी दिव्याच्या प्लगची सोय आहे का? उजव्या बाजूला हवी. सहज विचारतो आहे.

ता. क. दोन. कंबरेची उसण चार दिवसांपूर्वीच उतरली आहे. पालथा पडून लिहितो आहे, कारण खुर्चीवर भरलेली पेटी ठेवली आहे. तीस दिवे कोणाला द्यायचे ते तू ठरव, पण मला दारात फार वेळ उभं करू नकोस.

ता. क. तीन. पाकीट चिकटवणार तोच तक्रारीचं उत्तर आलं, ते जसंच्या तसं उतरवतो : "प्रिय मित्र, तुमचा दिवा तपासला. दिवा बरोबर आहे. कृपया पुन्हा पहा, खोलीत कोणीतरी आहे. आनंदी रहा." हा दिवा हिच्या बाजूला, उशाशी लावलेला आहे. आज तिन्हीसांजेला पेटी खाली उतरवली, खुर्ची घेऊन दारात बसलो आणि तो लागेपर्यंत बघत राहिलो. मग चिठ्ठी लिहून त्याला बांधली. तपासले, ठीक. खाली सही केली आहे. तुझ्याकडे आल्यावर कोणी त्याला सदोष म्हणू नये.