जिला मी काहीच ठेवत नाही

मी, मृणालिनी दिगंबर टिपणीस, राहणार मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मुद्दाम जोडला आहे, कारण माझा मुलगा प्रथमेश उद्या नक्की म्हणेल की म्हातारीचं डोकं फिरलं होतं. इंग्रजी तर्जुमा वकीलबाईंनी केला आहे.

१. राहतं घर विकून येणारी रक्कम माझी मुलगी अनिका, राहणार बेलव्ह्यू, हिला द्यावी. प्रथमेशने या घरात एक रात्रही राहू नये.

२. कारण लिहून ठेवते, म्हणजे कोणी तर्क लढवायला नको. प्रथमेशच्या ऑफिसातल्या एका मराठी मुलीने त्याला लग्नाला नकार दिला. मग खोट्या नावांनी मेसेज, तिचे बनावट फोटो, धमक्या. ती गाव सोडून गेली. याने माझ्या फोनवरून, माझ्या नावाने, तिच्या पुण्यातल्या आईला लिहिलं, 'लेकीचा नवा पत्ता कळवा, फराळ पाठवायचा आहे.' त्या माउलीने विश्वासाने कळवला. हा तिच्या दारात जाऊन उभा राहिला. हे मला कळलं ते सरकारी वकिलांनी भर कोर्टात वाचलं तेव्हा.

फेडरल एजंट घरी आले, लॅपटॉप, फोन घेऊन गेले, त्यालाही घेऊन गेले. कोर्टाने त्याला इंटरनेट वापरायचं नाही या अटीवर, माझ्या हमीवर घरी सोडलं. महिनाभर गुणी बाळासारखा वागला. मग भाजणीच्या डब्यात मला फोन सापडला. मी स्वतः अधिकाऱ्यांना कळवलं. जामीन रद्द झाला, त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली. शिक्षेच्या दिवशी ती मुलगी उभी राहून म्हणाली, की दाराची बेल वाजली की ती अजून बाथरूममध्ये लपते. मला तिच्याकडे बघवेना. येत्या वसंतात तो सुटेल. पुढे तीन वर्षं अधिकाऱ्यांची देखरेख आहे. त्यानंतर कोणाची?

३. माझ्या बाकीच्या पैशांतला प्रथमेशचा वाटा बँकेच्या ट्रस्टकडे राहील. त्यातून घरभाडं आणि समुपदेशकाची फी परस्पर भरावी. हातात रोख देऊ नये. लेकरू माझं आहे, उपाशी राहू नये एवढीच इच्छा.

४. 'मुलीनेच नादी लावलं असेल' असं माझ्या ओट्यापाशी उभं राहून म्हणणाऱ्या मराठी मंडळाच्या माजी अध्यक्षीणबाईंना माझ्या दिवसांना बोलावू नये. त्यांचं पुरणयंत्र माझ्याकडे आहे. ते परत करू नये.

५. आता पाटल्या. त्या सुनेसाठी ठेवल्या होत्या.

तुरुंगातून फोन आला की मध्येच एक बाई सांगते, हा कॉल रेकॉर्ड होतोय. त्या बाईचा मला आधार वाटतो. अनिका म्हणते, "आई, प्लीज, त्याचे कॉल्स घेऊच नकोस ना." मी घेते. गेल्या महिन्यात प्रथमेश म्हणाला, "आई, विलमध्ये तिच्यासाठी काहीतरी ठेव ना. सॉरी म्हणून. तुझ्या पाटल्या दे तिला." मला रडू फुटलं. वाटलं, माझा मुलगा परत आला.

दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, तिचं आत्ताचं पूर्ण नाव? पत्ता? मग म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर तिला कोर्टाची नोटीस जाईल, हे कागद कोणालाही बघता येतात, आणि मुलगा म्हणून प्रथमेशला तर प्रत मिळेलच.

पुढच्या फोनवर मी विचारलं, "तुला हे माहीत होतं का रे?"

तो म्हणाला, "आई, तू पण ना! सगळ्यावर डाउट घेतेस यार."

नाही म्हणाला नाही.

त्याला खरोखर पश्चात्ताप झाला असेल, तर मी आई म्हणून हरले. पण ही जोखीम माझी नाही, तिची आहे.

म्हणून पाटल्या अनिकाला. त्या मुलीला मी काहीही ठेवत नाही. ती कुठे आहे ते मी कोणाला विचारलेलं नाही. माझ्या मृत्यूची बातमी, माझी माफी, काहीही तिच्यापर्यंत पोचवण्यासाठी कोणीही, चांगल्या हेतूनेसुद्धा, तिला शोधू नये. मी तिला विसरले असं तिला वाटलं, तर वाटू द्यावं.

स्थळ: मॉरिसव्हिल
दिनांक: ३ नोव्हेंबर २०२५

(सही) मृणालिनी दिगंबर टिपणीस

आमच्या दोघांच्या समक्ष सही केली. मजकूर आम्हांस वाचू दिलेला नाही.

साक्षीदार:
१. (सही) गुरुनाथ चौबळ
२. (सही) उल्का राजाध्यक्ष