बांधावर आपल्या घरचा माणूस

आये,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं मला वाटलं नव्हतं. शाळा सोडल्यापासून मी लिहिलंय काय, तर टेम्पोच्या पावतीवर सही. पण काल रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एक माणूस भेटला. त्याने तुझी गोष्ट मला सांगितली, आणि ती तुला परत सांगितल्याशिवाय आता मला चैन नाही.

झालं असं. सध्या मी रोह्यात एका टेम्पोवर आहे. त्याआधी पेणहून गणपती भरून सुरतेला जायचो, ते काम झकास होतं. मागे गणपती असले की नाक्यावरचा पोलीससुद्धा आधी हात जोडतो आणि मग कागद मागतो. ते जाऊ दे. काल अष्टमीत तांदळाच्या गोण्या उतरवल्या आणि चहाला बसलो. शेजारी यशवंत म्हणून एक हमाल होता, माझ्या दुप्पट अंगाचा.

"गाव कुठला तुझा?"

"गडबवरनं आत. खाडीकडं."

"मंग तुमच्या बांधावर मी लागोपाठ दोन वर्सं उभा राह्यलोय. एका बाईच्या घरचा म्हणून."

मी म्हटलं, असेल कुणीतरी. तर तो आपला आपणच हसायला लागला. "लय खमकी बाय. रोज कवा बुडवला नाय. पन नोटांना सुकटीचा वास. माझी बायको विचारायची, मजुरी आनलीस का बाजार?"

आये, सुकटीच्या डब्यात नोटा ठेवणारी बाई खाडीकाठी दुसरी कोण असणार?

सरकारकडून बायकांच्या खात्यात दर महिन्याला येणारे ते योजनेचे पैसे. काढले नाहीत तर सरकार परत नेतं, हे तुला कुणी सांगितलं होतं गो? दर महिन्याला मिनीडोर रिक्षाने पेण गाठायचीस, बँकेच्या रांगेत अर्धा दिवस घालवायचीस, आणि आणलेल्या नोटा डब्यात. तिथे मांजराशिवाय कोण हात घालणार, म्हणून. मी फोनवर हसायचो. एकदा तर म्हणालो, "एवढ्याशा पैशात काय येतं?" तू म्हणालीस, "एक माणूस येतो." मला वाटलं, मस्करी करतेस. पुढे विचारलंही नाही. तेव्हा मी गोव्यात होतो, आणि कशासाठी होतो ते आता आठवतही नाही.

आपल्याकडची रीत मला माहीत नव्हती असं नाही. खाडीचा बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस चिखल वाहायला. खारं पाणी शेतात शिरलं की पुढची काही वर्षं भात विसरायचा, म्हणून त्यातून कुणालाच सूट नाही. ज्या घरचा माणूस नाही, त्याचा बैठकीत शब्द नाही. बाबा गेल्यावर तू स्वतः घमेलं घेऊन गेली होतीस. दिवसभर पुरुषांच्या बरोबरीने वाहिलंस, आणि मोजणीत तुला धरलं अर्धा माणूस. राहिलेल्या अर्ध्यासाठी काका आपला पोरगा द्यायचा, आणि मग वर्षभर ऐकवायचा. आपल्या शेताचा वरचा तुकडा त्याला हवा होता, हे गावाला माहीत होतं.

आणि मी? मिसरूड फुटल्यापासून मी एकाही बांधाला हजर नव्हतो.

यशवंत सांगत होता, पहिल्या वर्षी तू त्याला घेऊन बांधावर आलीस तेव्हा काकाने सगळ्यांसमोर विचारलं, "वयनी, तुझा सरदार कुठं हाय यंदा? गोव्याला का गुजरातला?"

तू म्हणालीस, "सरदार नाय. माणूस हाय. मोजून घ्या."

"हा भाड्याचा. सरकारच्या पैशानं आनलास."

"तुमच्या खात्यात शेतीचे पैसे पडतात ते तुमच्या घामाचे, न माझ्या खात्यात पडले की सरकारचे व्हय?"

मग मोजणारे म्हातारबुवा म्हणाले, "पूर्ण धरा रे." यशवंतने त्या दिवशी दोघांचं काम केलं. "माझी पन इज्जत व्हती ना तिथं," म्हणाला.

हे ऐकताना माझी छाती किती फुगली तुला सांगू? टपरीतल्या चहावाल्यालाही सांगितलं, ती माझी आई. त्याने चहाचे पैसे तरीही घेतले.

एक राग मात्र आहे. मला का नाही बोलावलंस? यशवंतनेही तुला हेच विचारलं होतं. तू म्हणालीस, "त्याच्या पायाला भिंगरी हाय. त्याला बांधून ठेवला तर तोच बांध फोडंल." बरोबर बोललीस. तरी एकदा हाक मारायची होतीस गो. आलो नसतो तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

तुझ्या बाराव्याला काका मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू काय हितं टिकनार नायस. शेत मी बघतो." मी "बघू" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. तुझं खातं बंद झालं, डबा रिकामा झाला, म्हणजे आता उभं कोण राहणार, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. काल आला. येत्या अमावास्येच्या उधाणाआधी बांधाचं काम आहे. तिथूनच काकाला फोन लावला.

"काका, आमच्या घरचा माणूस येतोय."

"परत भाड्याचा?"

"नाय. मी."

काका म्हणाला, "चिखल उचलता येतो का तुला?"

"नाय येत. शिकव."

यशवंत शेजारून ओरडला, "मी पन येतो, पन माझा रोज पडंल हां." म्हटलं, ये बाबा. माझ्या कमाईतला देतो, वास नाही यायचा.

आये, बारा महिने गावात राहीन असं वचन देत नाही. खोटं बोललो तर तुला तिथून पण कळेल. पण बांधाच्या दिवशी मी जिथे असेन तिथून येईन. शेत काकाला देणार नाही. म्हातारबुवा घरं मोजत आपल्या घरापाशी आले की "हाय" म्हणणारा तिथे चिखलात उभा असेल. पहिल्या वर्षी अर्धा धरला तरी चालेल. पूर्ण होईपर्यंत येत राहीन.

तुझा,
संदेश
(मुक्काम सध्या अष्टमी, अमावास्येला गाव)